दासगणूंची सोडलेली लावणी

लावणी रचणारा हात पुढे ओवी रचू लागला, म्हणजे आपल्याकडे त्या हाताच्या धन्याचे चरित्र मधोमध कापण्याची रीत आहे. पहिल्या भागाला 'उनाडपणा' म्हणावयाचे, दुसऱ्याला 'उद्धार'. संगमनेरच्या अनंत फंदीच्या वाट्याला हे आले, सोलापूरच्या रामजोशांच्या वाट्याला आले, आणि आमच्या आजोबांच्या पिढीने ज्यांना समोर बसून ऐकले त्या दासगणू महाराजांच्याही वाट्याला आले. तिन्ही कथांचा साचा एकच. ब्राह्मणाचा बुद्धिमान पोरगा डफ-तुणतुण्याच्या नादी लागतो, तमाशाच्या फडात रात्री घालवितो, आणि मग कोणी थोर व्यक्ती त्याला हटकते. फंदीला अहिल्याबाईंनी हटकले, असे परंपरा सांगते. रामजोशी मोरोपंतांच्या सहवासाने कीर्तनाकडे वळले, असे सांगतात. दासगणूंना शिर्डीच्या फकिराने पोलिसाची पगडी उतरवावयास लावली. तिघांनाही देवळाचा सभामंडप मिळाला आणि तिघांच्याही चरित्रातून फड पुसला गेला.

फड पुसण्याची ही घाई आम्हांस काव्याच्या दृष्टीने अन्यायाची वाटते. दासगणूंच्या रचनेत जे जिवंत आहे ते बहुतेक सारे त्यांनी फडात कमाविले होते. देवळाने त्यांना विषय दिला आणि गुरूने दिशा दिली. पण ठेका, संवादातला ठसका, गावच्या माणसाच्या तोंडची बोली, श्रोत्याला एका ओळीत हसवून दुसरीत गंभीर करण्याची हातोटी ही देवळात शिकविली जात नाही. हे म्हणणे काही भाविकांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि ज्यांच्या घरी 'गजानन विजय' पोथी लाल वस्त्रात गुंडाळून ठेवलेली असते अशा घरांतूनच हा विचार व्हावा असे आम्हांस वाटते, कारण ही पोथी खऱ्या अर्थाने वाचणारे तेच आहेत.

चरित्र थोडक्यात सांगावयाचे तर असे. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांचा जन्म १८६८ सालचा, अहमदनगरजवळील अकोळनेर येथला. शाळेत मन रमले नाही. गोंधळी, तमासगीर, शाहीर यांच्या संगतीत ते रमले आणि स्वतः लावण्या रचू लागले. नगर जिल्ह्याविषयी येथे एक गोष्ट सहज सुचते. 'भक्तविजया'चे कर्ते महीपती याच जिल्ह्यातील ताहराबादचे, अनंत फंदी संगमनेरचे, पठ्ठे बापूरावांच्या फडाला लौकिक मिळवून देणारी पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची, आणि शिर्डीही त्याच जिल्ह्यातली. संतचरित्र आणि लावणी ही दोन्ही पिके एकाच काळ्या मातीत शेजारी-शेजारी निघत होती. दासगणूंनी दोन्ही कापली. पुढे त्यांना 'आधुनिक महीपती' ही पदवी मिळाली. तिच्या शेजारी फंदीचेही नाव जोडावयास हरकत नव्हती, पण ते कोणी जोडले नाही.

पोटासाठी त्यांनी पोलिसाची नोकरी धरली. श्रीगोंद्यास असता नानासाहेब चांदोरकर यांच्याबरोबर ते शिर्डीस जाऊ लागले. फौजदार होण्याची महत्त्वाकांक्षा होती आणि ती काही केल्या सुटेना. साईबाबा सांगत नोकरी सोड, आणि हे वायदे करीत राहत. अखेर १९०३ च्या सुमारास नोकरी सुटली. इस्लामपूरकर वामनशास्त्री हे त्यांचे गुरू. नोकरीनंतर त्यांचे बस्तान नांदेडच्या बाजूस, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या राज्यात बसले आणि उमरीजवळचे गोरठे हे त्यांचे गाव झाले. १९६२ च्या नोव्हेंबरात पंढरपुरी त्यांनी देह ठेवला. समाधी गोरठ्यास आहे.

आम्ही बरकतपुऱ्यात राहणारे लोक या गोरठ्याला फारसे दूरचे समजत नाही. आमच्या वस्तीपासून काचीगुडा स्थानक जवळ. तेथून मनमाडकडे जाणारा जुना निजामी लोहमार्ग निजामाबाद, बासर, धर्माबाद करीत उमरीवरून नांदेडास जातो. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे याच मार्गाने हैदराबादेत आली, नारायणगुडा-काचीगुडा-बरकतपुरा या भागांत स्थिरावली, आणि सामानाच्या ट्रंकेबरोबर पोथ्याही घेऊन आली. कचेरीची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू, अशा राज्यात मराठी कानावर पडावयाची ती घरी आणि कीर्तनात. १९०७ सालची विवेकवर्धिनी किंवा पुढे केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ निघालेली नारायणगुड्याची शाळा यांनी शहरातील मुलांना मराठी दिली, हे खरेच. परंतु नांदेड-परभणीच्या खेड्यांतून ज्या बायाबापड्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांना सलग, रसाळ, व्याकरणशुद्ध मराठी ऐकविली ती कीर्तनकारांनी, आणि त्यांत दासगणूंचे स्थान फार वरचे. भाषेच्या इतिहासात या कामाची नोंद होत नाही, कारण ते छापलेले नाही, तोंडी होते.

आता कीर्तनाकडे पाहू. नारदीय कीर्तनाची चौकट ठरलेली असते. नमन, पूर्वरंगातील निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगातील आख्यान. आख्यानात ओवी येते, अभंग येतो, आर्या येते. तशीच साकी येते, दिंडी येते आणि रंगात आलेल्या क्षणी कटाव येतो. हा कटाव आणि फटका ही शाहिराच्या घरची माणसे. फटका म्हटला की प्रथम फंदीच आठवतो. आता तमाशाची चौकट पाहा. आरंभी गणेशाचे नमन, त्याला 'गण' म्हणतात, मग कृष्णाची गवळण, मग बतावणी, मग वग, म्हणजे आख्यानच. दोन्हीकडे देवाला आधी वंदन आहे आणि गोष्ट सर्वांत शेवटी आहे. दोन्हीकडे एक मुख्य गाणारा आणि त्याची ओळ उचलून धरणारे मागचे साथीदार आहेत. फरक वाद्यांचा. ढोलकीच्या जागी मृदंग-तबला येतो, तुणतुण्याच्या जागी वीणा आणि चिपळी. आणि फरक स्थळाचा, तो सर्वांत मोठा.

भेदिक लावणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना यापुढची गोष्ट सांगावयास नको. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र-रात्र समोरासमोर बसून शिव थोर की शक्ती थोर, पुरुष आधी की प्रकृती आधी, असे सवाल एकमेकांस टाकीत. निरक्षर माणसे तोंडी वेदान्त लढवीत होती. दासगणू लावणीकडून उपनिषदाकडे गेले म्हणून आपण आश्चर्य करतो. वस्तुतः फडातून उपनिषदाकडे जाणारी पायवाट त्यांच्या आधीच मळलेली होती.

त्या उपनिषदाची कथा 'साईसच्चरिता'च्या विसाव्या अध्यायात दाभोलकरांनी सांगितली आहे. दासगणू ईशावास्यावर मराठी ओवीबद्ध टीका लिहीत होते. शब्दार्थ जमला, पण त्यागाने भोग घ्यावा या वचनाचा अर्थ मनास पटेना. शास्त्री-पंडितांना विचारून झाले. बाबा म्हणाले, तुझी शंका विलेपार्ल्यास काकांची मोलकरीण फेडील. काका म्हणजे काकासाहेब दीक्षित. ऐकणारे हसले असतील. दासगणू पार्ल्यास जाऊन राहिले. सकाळी एक पोर भांडी घाशीत मोठ्या आनंदाने गात होती. गाणे होते एका नारिंगी साडीचे, तिच्या जराचे आणि काठाचे. अंगावर मात्र चिंधी. कोणी कनवाळू गृहस्थांनी तिला नवे लुगडे घेऊन दिले. ती ते नेसली, मिरवली, खेळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी नेसून आली, आणि आनंद कालच्याइतकाच. तेथे दासगणूंना अर्थ उमगला.

ही कथा आजवर बाबांच्या अंतर्ज्ञानाची साक्ष म्हणून सांगितली गेली. ती तशी असो. आमचे लक्ष त्या पोरीच्या गाण्याकडे जाते. शास्त्र्यांच्या भाष्याने जे झाले नाही ते अडाणी मुलीच्या तोंडच्या गावरान गाण्याने झाले, आणि ते ओळखणारा कान दासगणूंचा होता. साडीच्या जराचे वर्णन हा लावणीचा आवडता विषय; काठ, पदर, रंग यांची नावे घेत लावणीकार तासन्‌तास रमतो. ज्याने पूर्वायुष्यात असल्या ओळी स्वतः जुळविल्या नव्हत्या, तो पंडित त्या गाण्यापाशी थांबला असता काय? भांडी घासण्याच्या आवाजाची कटकट वाटून त्याने खिडकी लावून घेतली असती. बाबांनी त्यांना पार्ल्यास धाडले यात दासगणूंच्या पूर्वायुष्याची पारख होती, असे आम्हांस वाटते. जो कान फडात तयार झाला तोच त्यांनी उपनिषदाच्या कामी लाविला.

पंधराव्या अध्यायातील पोशाखाची कथाही अशीच बोलकी आहे. दासगणू एकदा कीर्तनास निघाले ते अंगरखा, उपरणे, फेटा अशा थाटात. बाबांनी विचारले, नवरदेव होऊन निघालास काय? अंगरखा-फेटा उतरला, आणि पुढे जन्मभर उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हाती चिपळ्या घेऊन त्यांनी कीर्तन केले. पुष्कळांना हा वैराग्याचा धडा वाटतो. रंगमंचाच्या दृष्टीने पाहिले तर तो फार शहाणपणाचा धडा होता. त्या काळी कीर्तनकारांचा भर पोशाखावर आणि गळ्यावर वाढत चालला होता. पोशाख काढून घेतला म्हणजे उरतो तो शब्द आणि त्याचा ठेका. ज्याच्यापाशी ते दोन्ही भरपूर आहेत त्यालाच हा उघडेपणा परवडतो.

आणखी एक सवय त्यांनी ठेविली आणि तिचे परिणाम फार दूरवर झाले. आख्यान तुकारामांचे असो, नामदेवांचे असो, शेजारी साईबाबांची तसबीर ठेवावयाची. ठाण्याच्या कौपिनेश्वराच्या देवळात असेच कीर्तन ऐकून एका गरीब उमेदवाराने नोकरी लागल्यास खडीसाखर वाटण्याचा नवस केल्याची कथा प्रसिद्ध आहे. कीर्तनाचे पैसे ते घेत नसत. मुंबई इलाख्यातील सुशिक्षित मध्यमवर्गाला शिर्डीचे नाव कळले त्यात या तसबिरीचा वाटा मोठा आहे. दाभोलकरांचा ग्रंथ १९३० सालचा. दासगणूंनी 'भक्तलीलामृत' १९०६ साली आणि 'संतकथामृत' १९०८ साली लिहून बाबांना त्यांच्या हयातीतच संतमालिकेत बसविले होते. १९१८ सालची 'साईनाथ स्तवनमंजरी' बाबांच्या समाधीच्या जेमतेम महिनाभर आधीची, नर्मदेच्या काठी महेश्वरास रचलेली.

त्यांच्या पदांपैकी दोन आजही शिर्डीच्या आरतीत रोज गाइली जातात. एकात शिर्डीलाच पंढरपूर मानले आहे. त्याची चाल बालकालाही धरता येते. दुसरे पहाटेच्या काकड आरतीतले, हिंदुस्थानीतले, कृपादृष्टीची याचना करणारे. आम्हां हैदराबादकरांना या दुसऱ्या पदाचे विशेष कौतुक आहे. त्यात 'रहम' हा शब्द असा सहज येतो की तो देवळात परका वाटत नाही. निजामी मुलखात राहिलेल्या, फकिराच्या पायांशी बसलेल्या कवीलाच हे साधावे. कवितेच्या तराजूत टाकले तर ती दोन पदे त्यांच्या कित्येक हजार ओव्यांहून जड भरतील.

कारण ओव्यांविषयी आमचे मत तितके निर्भेळ नाही. दासगणूंनी फार लिहिले आणि भराभर लिहिले. त्यांच्या संतचरित्रांतून कालक्रमाची हयगय आहे. दंतकथा आणि वृत्तान्त यांची सरमिसळ आहे, तीही महीपतींना शोभणाऱ्या भाबडेपणाने नव्हे. इंग्रजी अमदानीत, छापखान्याच्या आणि दप्तराच्या काळात राहणाऱ्या माणसाकडून थोडी अधिक चिकित्सा अपेक्षिली तर ते गैर होणार नाही. यमक जुळविण्यासाठी 'साच', 'निर्धारी' अशी भरतीची पदे वाटेल तेथे येऊन बसतात. अध्यायारंभीची स्तवने एका अध्यायातून काढून दुसऱ्यास लाविली तरी चालतील. चमत्कार एकामागून एक येत राहतात, आणि तिसऱ्या-चौथ्यास वाचकाचे आश्चर्य थकते. भाविक वाचक थकत नाही. पण तो चमत्कार मोजीत नसतो, तो पारायण मोजीत असतो.

मात्र जेथे माणसे बोलू लागतात तेथे दासगणू एकदम मोठे होतात. 'गजानन विजय' हा ग्रंथ त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर, १९३९ साली, शेगावी पुरा केला. गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतल्यानंतर एकोणतीस वर्षांनी. एकवीस अध्यायांच्या या पोथीत वऱ्हाडचा मुलूख आहे तसा उभा राहतो. पहिलाच प्रसंग घ्या. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ उठली आहे, उष्ट्या पत्रावळी रस्त्यावर पडल्या आहेत, आणि एक दिगंबर तरुण त्यांतील शिते वेचून खातो आहे. बंकटलाल आणि दामोदरपंत पाहत उभे राहतात. येथे काही घडत नाही; कवीने घाईही केलेली नाही. पत्रावळ, शीत, ऊन, बघे एवढ्यावरच त्याने भागविले आहे. संताचा प्रवेश सिंहासनावरून न करता उकिरड्यावरून करावा, हे ज्याला सुचते तो नुसता पुराणिक नव्हे.

किंवा आकोलीच्या शिवारातील भास्कर पाटलाचा प्रसंग. वैशाखातले ऊन, तहानेलेले महाराज पाणी मागतात, आणि भास्कर ते नाकारतो. दुरून डोक्यावर वाहून आणलेले पाणी आहे, ते आपल्यासाठी आणले आहे. धडधाकट असून कष्ट न करणाऱ्यास पाणी पाजून कसले पुण्य? राबणाऱ्या शेतकऱ्याचा हा तर्क दासगणूंनी इतक्या तिखटपणे मांडला आहे की वाचक क्षणभर भास्कराच्या बाजूस जातो. पुढे कोरड्या विहिरीस पाणी लागते आणि भास्कर शरण येतो, हे सारे ठरल्याप्रमाणे. आम्हांस मात्र विहिरीच्या पाण्याहून भास्कराचा नकार अधिक चांगला वाटतो. तो नकार बतावणीतला आहे. फडात सोंगाड्या राजाला, पाटलाला, देवालाही असाच सडेतोड जाब विचारतो, आणि लोक त्यासाठीच बसलेले असतात. चाळीस वर्षे कीर्तन केल्यावरही तो सोंगाड्या दासगणूंच्या मनातून गेला नव्हता, ही पोथीच्या भाग्याची गोष्ट.

परदेशातील एक उदाहरण येथे घेण्याचा मोह होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांचे जे संगीत आहे, ज्याला तेथे कंट्री म्हणतात, त्यातील सर्वांत मोठा गीतकार म्हणून हँक विल्यम्सचे नाव घेतात. अलाबामात १९२३ साली जन्मला आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशी, एकोणतिसाव्या वर्षी वारला. दारूच्या गुत्त्यात गाइली जाणारी विरहगीते त्याने लिहिली. चर्चमध्ये गाइली जाणारी भक्तिगीतेही त्यानेच लिहिली. 'ल्यूक द ड्रिफ्टर' या दुसऱ्या नावाने त्याने नीतिबोधपर कथनगीतेही काढली. तेथले लोक त्याचे चरित्र कापीत नाहीत. शनिवारच्या रात्रीचे गाणे आणि रविवारच्या सकाळचे गाणे एकाच गळ्यातून आले, हे ते सरळ मान्य करतात. पोरवयात त्याला गिटारीचे धडे दिले ते रूफस पेन नावाच्या रस्त्यावर गाणाऱ्या एका काळ्या माणसाने, हेही ते सांगतात. सर्वत्र इतका मोकळेपणा होता असे मात्र नाही. थॉमस डॉर्सी हा आधी गुत्त्यातली गाणी वाजविणारा. त्याने जेव्हा भजने रचली तेव्हा शिकागोच्या कित्येक चर्चांनी त्यांना गुत्त्याचा वास येतो म्हणून दार लाविले होते. पुढे तीच भजने त्या चर्चांची झाली.

रूफस पेनचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. दासगणूंना फडाची लय ज्यांनी शिकविली त्यांची नावे कोणत्याही चरित्रात नाहीत. तमाशाचा फड म्हणजे महार, मांग, कोल्हाटी यांचा फड. ब्राह्मण पोर तेथे शिकला आणि परत आला. परत येण्यास त्याला जागा होती. ज्यांच्याकडून तो शिकला त्यांना 'परत येणे' हा शब्दच लागू नव्हता. पंढरपूरचे देऊळ त्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. म्हणजे ज्या ढोलकीवाल्याच्या हाताखाली दासगणूंचा ठेका पक्का झाला असेल, त्याला त्या ठेक्यावर बसविलेले विठ्ठलाचे आख्यान विठ्ठलाच्या सभामंडपात बसून ऐकता येत नव्हते. उद्धाराच्या कथा सांगताना हे कोणी सांगत नाही. आम्ही यासाठी दासगणूंना दोषी धरीत नाही. देवळाचे दार त्यांच्या हाती नव्हते. परंतु ज्या समाजाच्या हाती ते होते, त्यातीलच आपण आहोत.

दुसरी वाट घेणारा एकजण त्यांच्याच पिढीत होऊन गेला. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचा, १८६६ सालचा. दासगणूंहून दोनच वर्षांनी वडील. तोही ब्राह्मण, तोही फडाच्या नादी लागलेला. तो परतला नाही. वतन, जात, घर सारे सोडून तो पठ्ठे बापूराव झाला, पवळेच्या साथीने त्याने तमाशा गाजविला, आणि १९४५ साली पुण्यात हालअपेष्टांत मेला. त्याच्या गण-गवळणीत भक्ती नाही असे म्हणण्यास धाडस लागेल. गणेशाला त्याने घातलेले साकडे आणि कृष्णाची त्याने केलेली थट्टा ही कोणत्याही हरिदासाच्या तोडीची आहेत. तरीही आमच्या उत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका पाहा: कीर्तन असते, भजन असते, अलीकडे भक्तिगीतांचा वाद्यवृंदही असतो, गण-गवळण नसते. गणेशोत्सवात देखील गण नसावा, यातील विनोद कार्यकारी मंडळांच्या ध्यानी येत नाही.

आमच्या कोंकणी वाचकांना हा प्रश्न अधिक जवळचा वाटेल. गोमंतकातील देवस्थानांत गाणे हे देवाच्या सेवेचाच भाग होते आणि ती सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांकडे महाजन मंडळी गाण्यासाठी मान आणि इतर वेळी पाठ अशी दोन तोंडे करीत होती. त्याच घराण्यांतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका पुढे आल्या. नंतर त्यांच्या गाण्याचा अभिमान सर्वांनी वाटून घेतला. देवळाने गाणे घेतले आणि गाणारीला उंबऱ्याशी ठेवले, ही गोष्ट गोदावरीकाठी आणि मांडवीकाठी सारखीच घडली.

दासगणूंचा वारसा आज कोठे आहे? अनंत दामोदर आठवले, जे पुढे स्वामी वरदानंद भारती झाले, त्यांनी तो कीर्तनातून आणि ग्रंथांतून चालविला. ते २००२ साली गेले. गोरठ्यास उत्सव होतो. सर्वांत मोठा वारसा मात्र पारायणाचा. आमच्या बरकतपुऱ्यातच गुरुवारी संध्याकाळी जिन्याने वर गेले तर दोन-तीन दारांतून 'गजानन विजया'चे वाचन ऐकू येते. तेलुगू शेजाऱ्यांना आता त्याची लय ओळखू येते. राघवेंद्र मठाकडे जाणारी मंडळी घटकाभर थांबून ऐकतात. एका कवीला याहून अधिक काय हवे?

तरीही आम्ही थोडे हळहळतो. पारायण आता एका दमात, एका सुरात, घड्याळाकडे डोळा ठेवून होते. एकवीस अध्याय एका बैठकीत उरकल्याचे समाधान असते, आणि त्यात भास्कराचा नकार आणि महाराजांचा प्रसाद एकाच आवाजात वाचले जातात. ज्या माणसाने प्रत्येक ओळ कोणाच्या तरी तोंडी घालण्यासाठी लिहिली, त्याची पोथी सपाट वाचणे म्हणजे वग शाळेच्या क्रमिक पुस्तकासारखा वाचणे. ओवीतील ज्या भरतीच्या पदांवर आम्ही वर टीका केली, तीही मोठ्याने म्हणताना पुष्कळदा निराळी वाटतात. गाणाऱ्याला श्वास घेण्यास आणि झांजेला पडावयास ती जागा ठेवलेली असते. छापील पानावर तो दोष, तोंडात ती सोय. म्हणून त्यांच्या ओव्यांचा निवाडा कागदावरून करण्यास आम्ही स्वतःच कचरतो.

दुसऱ्या अध्यायात गोविंदबुवा टाकळीकरांचे कीर्तन आहे. शेगावच्या महादेवाच्या देवळात बुवा पूर्वरंगाला उभे आहेत, हंसगीतातील श्लोकाचा पूर्वार्ध म्हणतात, आणि उत्तरार्ध बाहेरून, एका वेड्या समजल्या गेलेल्या माणसाच्या तोंडून येतो. पुढे तोच माणूस बुवांना पोटभरू कीर्तनकार होऊ नको असे बजावतो. कीर्तनकाराने कीर्तनकाराविषयी लिहिलेला हा भाग. स्वतः बिदागी न घेणाऱ्याने लिहिलेला. यंदाच्या पारायणात निदान हा एक अध्याय तरी दोघांनी वाटून घेऊन वाचावा. एकाने बुवा व्हावे, दुसऱ्याने दाराबाहेरचा आवाज, आणि घरात झांज असेल तर मुलाच्या हाती द्यावी.